झाडावरचे बाशिंग : एका नेच्याचा मागोवा

कोकणातल्या एखाद्या जुन्या वाडीत आंब्याच्या किंवा फणसाच्या जाड फांदीकडे मान वर करून पाहिले, तर तपकिरी, कडक, कातरलेल्या कडांच्या पानांची एक रांग फांदीला चिकटून उभी दिसते. नवरदेवाच्या कपाळावर बाशिंग बांधावे तशी ती झाडाच्या अंगावर बांधलेली असते, म्हणून लोक या वनस्पतीला बाशिंग किंवा वांदरबाशिंग म्हणतात. पावसाळ्यात याच तपकिरी रांगेतून हातभर लांबीची, खोल कापलेली हिरवीगार पाने बाहेर झेपावतात. जांभ्या दगडाच्या गडग्यांवर आणि घाटातल्या कातळांवरही हा नेचा वाढतो. त्याचे शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वेर्सिफोलिया. आज पुण्या-मुंबईच्या रोपवाटिकांत तो टांगत्या टोपलीत विकायला असतो आणि त्याच्यावर बहुधा ‘फर्न’ एवढीच चिठ्ठी असते. रानातल्या फांदीवरून घरातल्या टोपलीत येण्यासाठी या वनस्पतीला, आणि तिच्याविषयीच्या ज्ञानाला, फार लांबचा रस्ता चालावा लागला. मलबारच्या वैद्यांच्या पडवीतून, ॲमस्टरडॅमच्या छापखान्यातून आणि लंडनच्या एका डॉक्टरच्या काचेच्या बाटलीतून तो रस्ता जातो. आपण त्याच वाटेने जाऊ.

सुरुवात मात्र माणसाच्याही फार आधी झाली. नेचेवर्गीय वनस्पती पस्तीस कोटी वर्षांहून जुन्या आहेत. दगडी कोळशाच्या थरांत त्यांच्या पानांचे ठसे सापडतात, त्यामुळे आज दिसणारे सगळेच नेचे तेवढेच पुरातन असतील, असा समज दीर्घकाळ होता. २००४ साली हॅरल्ड श्नायडर, कॅथलीन प्रायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की आजच्या बहुसंख्य नेच्यांच्या शाखा सपुष्प वृक्षांची जंगले पृथ्वीवर पसरल्यानंतर, त्या जंगलांच्या सावलीत फुटल्या. पुढे २००९ मध्ये एरिक श्युटपेल्झ आणि प्रायर यांनी याच धाग्याचा पुढचा भाग उलगडला. झाडांवर राहणाऱ्या नेच्यांचा मोठा विस्तार डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरच्या काळातला, म्हणजे गेल्या साडेसहा कोटी वर्षांतला आहे. उंच छत असलेली दमट अरण्ये तयार झाली, खालच्या जमिनीवर उजेड उरला नाही, आणि काही नेचे त्या छतावरच राहायला गेले. मंद प्रकाशातही वाढीची दिशा ओळखू देणारे एक जनुक नेच्यांनी अँथोसेरॉस गटातल्या शेवाळसदृश वनस्पतींकडून उचलले, असे २०१४ मधल्या एका संशोधनाने सुचवले. म्हणजे नेच्यांची परंपरा पुरातन असली, तरी फांदीवर घर करणारे बाशिंग हे तिच्यातले तुलनेने अलीकडचे पान आहे.

माणसाने त्याची नोंद केव्हा घेतली याला तारीख देता येत नाही, कारण ती नोंद तोंडी होती. वैदू, धनगर, गुराखी यांना तो ठाऊक होता. परंपरेत त्याला अश्वकात्री असेही नाव आहे, आणि त्याच्या केसाळ, जाड मूलक्षोडाचा, म्हणजे आडव्या वाढणाऱ्या खोडाचा, उपयोग सूज, दुखापत, हाडांचे दुखणे यांवर होत आला आहे. छापील पानावर मात्र तो पहिल्यांदा ठळकपणे येतो सतराव्या शतकाच्या अखेरीस, आणि या टप्प्यावर जरा रेंगाळायला हवे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारचा गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने कोचीनमध्ये बसून आसमंतातल्या वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ तयार करवला : ‘हॉर्टस मलबारिकस’. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये त्याचे बारा खंड छापले गेले. त्यात सुमारे आठशे ताम्रपट-चित्रे आहेत. ऱ्हीड स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता. ज्ञान पुरवले ते इट्टी अच्युदन या एळवा समाजातल्या वैद्याने, आणि त्याच्या जोडीला रंगभट, विनायक पंडित व आपूभट या तीन कोंकणी ब्राह्मण वैद्यांनी. या तिघांचा समाज गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीच्या धार्मिक जाचाला कंटाळून दक्षिणेकडे आलेल्यांपैकी. पहिल्या खंडात त्यांचे प्रमाणपत्र कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेले आहे. युरोपच्या छापखान्यातून निघालेल्या नागरी अक्षरांच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांत त्याची गणना होते. आपल्या लिपीच्या मुद्रणाचा इतिहास एका वनस्पतिग्रंथाशी असा जोडलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे व्हायला हवी तितकी परिचित नाही.

बाशिंग येते ते शेवटच्या, बाराव्या खंडात. तिथे त्याचे मलबारी नाव ‘पन्ना केळेंगू मारावारा’ असे दिले आहे. या खंडाची पाने उलटताना एक गोष्ट ध्यानात येते. झाडांवर वाढणाऱ्या आमऱ्या, म्हणजे ऑर्किडे, इथे एकामागून एक येतात, आणि त्यांच्याही नावांच्या शेवटी ‘मारावारा’ असते. आपण जिला सीतेची वेणी म्हणतो ती ‘अंशेली मारावारा’ याच खंडात आहे. फूल येणारी आमरी आणि फूलच नसलेला नेचा यांचे कुळ पूर्णपणे वेगळे. पण दोघांचे राहणीमान एक : मातीला न शिवता परक्या फांदीवर मुक्काम. मलबारच्या वैद्यांनी हे राहणीमान पकडले आणि त्याला सामाईक नाव दिले. युरोपीय शास्त्रात ‘एपिफाइट’, आपल्या परिभाषेत अपिवनस्पती, ही संज्ञा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिरबेल याने १८१५ मध्ये घडवली. म्हणजे कोचीनच्या वैद्यांचा गट त्याच्या शतकभराहून अधिक आधीचा. त्यांचे हे श्रेय वर्गीकरणाच्या इतिहासात क्वचितच लिहिले जाते, आणि मला ते महत्त्वाचे वाटते. ऱ्हीडला हा शेवटचा खंड छापून आलेला पाहता आला नाही. डिसेंबर १६९१ मध्ये मुंबईच्या किनाऱ्याजवळ, सुरतेला जाताना, जहाजावरच त्याचा मृत्यू झाला. त्याची कबर सुरतेच्या डच दफनभूमीत आजही उभी आहे. लॅटिनमध्ये अडकून पडलेला त्याचा ग्रंथ इंग्रजीत आला तो २००३ साली, केरळच्या के. एस. मणिलाल यांच्या कित्येक दशकांच्या परिश्रमांतून.

पुढचा हात कार्ल लिनियसचा. १७५३ च्या ‘स्पीशीज प्लांटारम’ मध्ये त्याने या नेच्याला ‘पॉलिपोडियम क्वेर्सिफोलियम’ असे दोन पदांचे नाव दिले. ओकच्या पानांची आठवण त्याला झाली ती तळाशी चिकटलेल्या तपकिरी पानांमुळे. उत्तर युरोपात पानगळीनंतर ओकखाली जी पाने पडलेली असतात, त्यांच्याशी या तपकिरी पानांचे साम्य खरोखरच चकित करणारे आहे. भारतातल्या झाडांसाठी लिनियसची भिस्त बरीचशी ऱ्हीडच्या ग्रंथावरच होती. तो स्वतः भारतात कधी आला नाही. त्याच्या मांडणीत नेचे, शेवाळे, कवके या सगळ्यांना ‘क्रिप्टोगॅमिया’ म्हणजे छुप्या विवाहाच्या वनस्पती असे एकाच कप्प्यात टाकले गेले. हा कप्पा म्हणजे अज्ञानाची कबुली होती. ज्या वनस्पतीला फूल नाही, फळ नाही, ती जन्मते कशी, हे तोवर कोणालाच सांगता येत नव्हते.

युरोपातल्या लोकसमजुतीने या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले होते. नेच्याला बी असणारच, पण ते अदृश्य असते, आणि उन्हाळ्यातल्या संत जॉनच्या रात्री ते ज्याच्या हाती लागेल तो स्वतःही अदृश्य होतो! १६८२ मध्ये नेहेमाया ग्रू याने सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानामागचे बारीक डबे आणि त्यातली पूड पाहून तिचे वर्णन केले, तरी ती पूड पेरून रोप उगवते हे शंकेपलीकडे नेऊन ठेवायला आणखी शंभर वर्षे गेली. ते काम केले जमैकातल्या जॉन लिंडसे नावाच्या एका शल्यवैद्याने. पावसानंतर उघड्या पडलेल्या मातीवर नेच्यांची बारकी रोपे उगवतात हे त्याच्या लक्षात आले. त्याने पानामागची पूड कुंडीतल्या मातीवर पेरली आणि तिच्यात होणारे बदल रोज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आधी हिरवा ठिपका, मग पातळ पापुद्रा, मग त्या पापुद्र्यातून वर येणारे पहिले खरे पान. त्याचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीने १७९४ मध्ये छापला, आणि निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांच्यामार्फत ही रीत इंग्लंडच्या बागांत पोहोचली. त्या पापुद्र्यावरच नर आणि मादी अवयव असतात, आणि नेच्याच्या जीवनात दोन पिढ्या आळीपाळीने येतात, हे पूर्ण चित्र १८५१ मध्ये विल्हेल्म हॉफमाइस्टरने उभे केले. हा हॉफमाइस्टर कोणत्याही विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. घरच्या ग्रंथविक्रीच्या धंद्यात काम करता करता पहाटे उठून तो सूक्ष्मदर्शकाशी बसत असे.

बी सापडले, पण उष्ण कटिबंधातला जिवंत नेचा थंड देशात नेणे अजून जवळजवळ अशक्य होते. जहाजाच्या डेकवर खारे वारे लागत, गोड्या पाण्याची टंचाई असे, आणि महिनोन्महिन्यांच्या प्रवासात बहुतेक रोपे मरून जात. ही कोंडी फोडली लंडनच्या धुरकट पूर्वभागात, वेलक्लोज चौकात राहणाऱ्या नॅथॅनियल बॅगशॉ वॉर्ड या डॉक्टरने. त्याला नेच्यांचा नाद होता, पण कोळशाच्या धुरापुढे त्याच्या अंगणातले नेचे टिकत नव्हते. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश काचेच्या बाटलीतल्या ओलसर मातीत ठेवून बाटलीचे तोंड बंद केले. पतंगाचे काय होते ते पाहता पाहता त्याला दिसले की मातीतून एक नेचा आणि एक गवताचे पाते उगवले आहे. दिवसा मातीतला ओलावा काचेवर जमे आणि पुन्हा खाली उतरे. बाहेरचा धूर आत येत नव्हता, आतले पाणी बाहेर जात नव्हते. वॉर्डने लाकडी चौकटीची काचेची पेटी बनवून घेतली. १८३३ मध्ये नेचे, शेवाळे आणि गवते भरलेल्या अशा दोन पेट्या कॅप्टन चार्ल्स मॅलार्डच्या जहाजावरून सिडनीला गेल्या आणि झाडे सुखरूप पोहोचली. परतीच्या खेपेत त्यात ऑस्ट्रेलियातली रोपे भरली. केप हॉर्नला वळसा घालताना डेकवर बर्फ पडला, विषुववृत्तावर उकाड्याने कहर केला, तरीही रोपे टवटवीत उतरली. १८४२ मध्ये वॉर्डने आपले पुस्तक लिहिले आणि ‘वॉर्डची पेटी’ जगभर फिरू लागली. चीनमधला चहा हिमालयाच्या उतारांवर आणि दक्षिण अमेरिकेतला सिंकोना निलगिरीवर पोहोचला तो याच पेट्यांतून. आपल्या शेतीचा आणि अर्थकारणाचा नकाशा बदलणाऱ्या या पेटीच्या मुळाशी एक आपोआप उगवलेला नेचा होता.

१८४५ मध्ये ब्रिटनमध्ये काचेवरचा कर रद्द झाला. काच स्वस्त झाली आणि वॉर्डची पेटी श्रीमंतांच्या हरितगृहातून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आली. त्यानंतरच्या काही दशकांत नेच्यांचे जे वेड इंग्लंडमध्ये पसरले, त्याला लेखक चार्ल्स किंग्जलीने १८५५ मध्ये ‘टेरिडोमेनिया’ असे नावच देऊन टाकले. नेच्यांची चित्रे चिनीमातीच्या भांड्यांवर, लोखंडी बाकांवर, पडद्यांवर, थडग्यांवरसुद्धा उमटली. मुली टोपल्या घेऊन दऱ्याखोऱ्यांत नेचे गोळा करायला जाऊ लागल्या, कारण ज्या थोड्या छंदांना तत्कालीन समाज त्यांच्यासाठी उचित मानत होता, त्यात हा एक होता. पण या प्रेमाला दुसरी बाजू होती. विक्रेते पोत्यांनी नेचे उपटून शहरांत आणत. आयर्लंडमधला नाजूक किलार्नी नेचा या हावेपायी कित्येक ठिकाणांहून जवळपास नाहीसाच झाला. घरात नेचा वाढवण्याच्या छंदाला रान ओरबाडण्याची ही जोड पहिल्यापासून आहे, आणि ती आपल्याकडेही आली आहे.

याच काळात आपले बाशिंग क्यूच्या शाही उद्यानात काचेखाली वाढत होते आणि त्याचे नाव पुन्हा बदलत होते. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ बोरी द सॅं-व्हॅंसां याने १८२५ मध्ये पॉलिपोडियमच्या अवाढव्य प्रजातीतून ड्रायनेरिया हा एक उपगट वेगळा काढला होता. त्याला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला तो १८४० च्या दशकाच्या आरंभी, क्यूचा उद्यानपाल जॉन स्मिथ याने. स्मिथ माळ्याच्या कामापासून वर चढत गेलेला माणूस. वाळवलेल्या नमुन्यांइतकाच जिवंत झाडांवर त्याचा भर असे, आणि पानांतल्या शिरांची जाळी वाचून तो नेच्यांची कुळे लावी. क्यूचा नेच्यांचा संग्रह त्यानेच वाढवला. त्याच्या नव्या प्रजाती संचालक विल्यम हूकरसारख्या मान्यवरांना फारशा रुचल्या नाहीत, पण ड्रायनेरिया टिकली. गंमत म्हणजे एकविसाव्या शतकातल्या डीएनए अभ्यासांनी तिला पुन्हा हलवले आहे. व्हिएन्नाच्या हाइनरिख शॉटने १८३६ मध्ये स्थापलेल्या आग्लाओमॉर्फा प्रजातीशी तिचे रक्ताचे नाते इतके जवळचे निघाले, की काही तज्ज्ञ आता आपल्या बाशिंगाला आग्लाओमॉर्फा क्वेर्सिफोलिया म्हणतात. तेव्हा पुस्तकात किंवा रोपवाटिकेत ही दोन्ही नावे दिसली, तरी वनस्पती एकच आहे हे आपण ध्यानात ठेवावे.

बाशिंगाच्या चिनी भावंडाची कहाणीही इथेच जोडून घेऊ. चीनमध्ये ड्रायनेरियाच्या एका जातीचे मूलक्षोड ‘गु सुई बु’ या नावाने मोडलेली हाडे सांधण्यासाठी शतकानुशतके वापरले जाते. ही जाती पाश्चात्त्य ग्रंथांत दीर्घकाळ रॉबर्ट फॉर्च्यून याच्या नावाने ओळखली गेली, आणि चहाची रोपे वॉर्डच्या पेट्यांतून भारतात आणणारा फॉर्च्यून तो हाच. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांवर बाशिंगाचे मूलक्षोड ‘मुडवाट्टुकाल’ म्हणून रस्त्याच्या कडेला मांडलेले असते, आणि सांधेदुखीवर त्याचे सूप प्यायला पर्यटक थांबतात. ही मागणी जितकी वाढेल तितका रानातला नेचा कमी होईल, ही भीती निराधार नाही.

आता बाशिंगाच्या सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण भागाकडे, त्या तपकिरी पानांकडे, जरा जवळून पाहू. ही पाने देठ नसलेली, रुंद, उथळ कातरलेली असतात. कोवळेपणी हिरवी, आणि थोड्याच दिवसांत तपकिरी, कागदासारखी कडक. त्यांच्या शिरा मात्र तारेसारख्या ताठ राहतात. अशा पानाचा वरचा ओठ हलकेच बाहेर ओढला, तर आत दिसते ती चक्क माती : कुजलेला पाचोळा, सालीचे तुकडे, मुंग्यांनी आणलेली धूळ, एखादी गोगलगाय, आणि या सगळ्यात घुसलेली नेच्याची स्वतःची बारीक मुळे. फांदीवर माती नसते म्हणून या वनस्पतीने ती साठवायचे भांडे आपल्याच पानांचे केले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल गोबेल १८८५-८६ मध्ये श्रीलंका आणि जावाला आला आणि परतल्यावर त्याने या अपिवनस्पतींच्या रचनेवर सविस्तर लिहिले. ड्रायनेरियाची पाने दोन प्रकारची का, आणि त्यातला एक प्रकार पाचोळा धरण्यासाठीच कसा घडला, हे त्याच्यासारख्यांच्या कामातून स्पष्ट झाले. १८८८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ शिंपरने अमेरिकेतल्या अपिवनस्पतींवर जो ग्रंथ लिहिला, त्याने या विषयाचा पाया घातला. झाडावर राहणे आणि झाडाचे रक्त पिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यानंतर शास्त्रात वादातीत झाले. आपल्या बागाईतदारांपर्यंत मात्र ते पुरते पोहोचलेले नाही. आंब्यावरचे बांडगूळ खरोखरच झाडात मुळे रुतवून रस शोषते, ते छाटायलाच हवे. पण त्याच कोयत्याने पुष्कळदा बाशिंगही तोडले जाते. त्याने आंब्याचे काही घेतलेले नसते. पाऊस, धूळ आणि पाचोळा यांवरच त्याचा संसार चालतो.

भारतातल्या नेच्यांची पद्धतशीर मोजदाद एका लष्करी अधिकाऱ्याने केली. रिचर्ड हेन्री बेडोम मद्रास सैन्यातून वनखात्यात आला आणि १८६३-६४ मध्ये त्याने ‘फर्न्स ऑफ सदर्न इंडिया’ प्रसिद्ध केले. मग सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानावरचे ग्रंथ आले, आणि १८८३ मध्ये त्याची हस्तपुस्तिका. ती आजही अभ्यासकांच्या टेबलावर असते. मुंबई इलाख्याला स्वतःचे नेच्यांचे पुस्तक मिळायला १९२२ उजाडावे लागले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातले स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि त्यांचे सहकारी जे. एफ. डी’आल्मेडा यांनी ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ लिहिले. खंडाळा, महाबळेश्वर आणि कोकणात हिंडणाऱ्या कित्येक विद्यार्थ्यांच्या हातात पुढे हेच पुस्तक होते. ब्लॅटर यांनी उभा केलेला वनस्पतिसंग्रह आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एवढ्या जुन्या पुस्तकाची मराठीत सचित्र, सुटसुटीत आवृत्ती अजून घराघरात का नाही, ही खंत मला वाटते. बाशिंगाला नाव देणारी भाषा आपली आहे.

शतकांच्या या खटाटोपातून हाती आलेल्या ओळखीच्या खुणा आज कोणालाही वापरता येतात. पाने दोन प्रकारची आहेत का, हे पहिल्यांदा पाहावे. तळाशी तपकिरी, बसकी पाने आणि वर हिरवी, लांब, मधल्या शिरेपर्यंत कापलेली पाने अशी जोडी असेल, तर सह्याद्रीत तो बाशिंगच असण्याचा संभव फार मोठा. मग हिरवे पान उलटून बीजाणूंचे, म्हणजे लिंडसेने पेरलेल्या त्या पुडीचे, ठिपके पाहावेत. बाजूच्या दोन मुख्य शिरांच्या मध्ये ते बारीक, गोल आणि दोन सरळ ओळींत मांडलेले असतात. मूलक्षोड अंगठ्याइतके जाड आणि तांबूस तपकिरी खवल्यांनी झाकलेले असते. महाबळेश्वरच्या झाडांवर दिसणारा, केळीच्या कोवळ्या पानासारख्या पातळ, अखंड पानांचा मायक्रोसोरम याहून वेगळा. त्याला तपकिरी पाने नसतात. पट्टीसारख्या अरुंद, अखंड पानांचा लेपिसोरसही वेगळा. रोपवाटिकेत ‘बर्ड्स नेस्ट’ म्हणून मिळणाऱ्या ॲस्प्लेनियमची अखंड चकचकीत पाने एकाच मध्यापासून गोलाकार फुटतात, आणि पाचोळा साठतो तो त्या पानांच्याच परडीत. सांबरशिंगासारख्या पानांचा प्लॅटिसेरियम बाशिंगाप्रमाणेच दोन प्रकारची पाने धरतो, पण तो आपल्या सह्याद्रीतला नाही. भारतात त्याची एकच जाती, वॉलिची, ईशान्येकडे मणिपूरच्या बाजूला आढळते. बाजारात मिळतो तो बहुधा ऑस्ट्रेलियातला.

घरी वाढवायचा तर रोप रोपवाटिकेतूनच घ्यावे. राखीव जंगलातून ते उपटून आणणे वनकायद्याने गुन्हा आहे, आणि किलार्नीचा धडा समोर असताना त्याला दुसरे कारणही लागू नये. कोणाच्या परसात जुने बाशिंग असेल, तर दोन-तीन पाने आणि वाढते टोक असलेला वीतभर मूलक्षोडाचा तुकडा मागून आणावा. योग्य वेळ जूनची, पहिला पाऊस स्थिरावल्यावरची. एकेकाळी असे नेचे वृक्षनेच्यांच्या खोडापासून कापलेल्या पाट्यांवर बांधत. त्या खोडांसाठी वृक्षनेचे इतके तोडले गेले, की त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराने नियंत्रण आणावे लागले. आपल्याला त्याची गरज नाही, कारण त्याहून चांगली वस्तू कोकणात घरोघरी पडलेली असते. नारळाची सोडणे दोन-तीन वेळा पाण्यात भिजवून, पाणी फेकून, त्यातला क्षार आणि टॅनिन काढून टाकावे. मग फळीवर किंवा जाळीच्या टोपलीत सोडणांचा थर देऊन त्यावर मूलक्षोड आडवे ठेवावे आणि सुतळीने किंवा नायलॉनच्या दोऱ्याने बांधावे. सोबत कोळशाचे आणि विटांचे तुकडे घातले तरी चालते. मूलक्षोड मातीत पुरायचे नाही. कुंडीतल्या घट्ट मातीत ते कुजते, आणि घरातली बहुतेक बाशिंगे अशीच जातात.

जागा पूर्वेकडची, किंवा झाडाची चाळणीतून यावी तशी सावली मिळणारी. दुपारच्या उन्हात हिरवी पाने करपतात, अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात ती लांबुळकी आणि लुळी होतात. पावसाळ्यात उघड्यावर टांगलेल्या रोपाला वेगळे पाणी लागत नाही. पाऊस ओसरल्यावर सोडणे वरून कोरडी लागली की पाणी द्यावे, शक्य असेल तर साठवलेले पावसाचे. खत द्यायचेच तर वाढीच्या महिन्यांत, अगदी पातळ करून. तपकिरी पानांमागे मूठभर वाळका पाचोळा सरकवला तर नेच्याला ते रानातल्यासारखे मानवते. पानांवर खवलेकिडे दिसले तर साबणाच्या सौम्य पाण्यात बुडवलेल्या कापडाने पुसून काढावेत. मुंग्या दिसल्या म्हणून लगेच फवारणी करू नये. या नेच्याच्या हिरव्या पानांवर गोड रस स्रवणाऱ्या ग्रंथी असतात आणि मुंग्या पुष्कळदा त्यासाठीच येतात. दोन-चार वर्षांत ठिपके पिकले की बीजाणूही पेरून पाहता येतात. पिकल्या ठिपक्यांचा पानाचा तुकडा पांढऱ्या कागदात घडी घालून ठेवला, की एक-दोन दिवसांत कागदावर फिकट पिवळसर पूड उतरते. उकळत्या पाण्याने निर्जंतुक केलेल्या कोकोपीटवर ती भुरभुरून वर पारदर्शक झाकण ठेवावे. लिंडसेने पाहिलेले हिरवे पापुद्रे आणि वॉर्डने पाहिलेले काचेवरचे थेंब, दोन्ही त्याच डब्यात दिसतात. पहिले खरे पान यायला कित्येक महिने लागू शकतात, आणि तोवर झाकण फार वेळा उघडू नये.

नवख्याला घाबरवणारा काळ उन्हाळ्यात येतो. हिरव्या पानांचे तुकडे एकेक करून गळून पडतात, मधल्या शिरांच्या नुसत्या काड्या उभ्या राहतात आणि सगळे रोप मेल्यासारखे दिसते. ही त्याची विश्रांती आहे. रानातल्या फांदीवरही मार्च ते मे तो असाच असतो. या काळात पाणी पुष्कळ कमी करावे, मूलक्षोड सुरकुतू लागले तरच थोडे शिंपडावे, आणि कात्री बाजूला ठेवावी. वाळलेल्या काड्या हव्या तर काढता येतील, पण तळची तपकिरी पाने कधीच कापायची नाहीत. पुढच्या पावसाळ्यात नवी तपकिरी पाने त्यांच्यावरच चढतात, आणि जुन्यांच्या मागे साठलेल्या मातीवर त्या वर्षीची हिरवी पाने पोसली जातात.